रासायनिक समीकरणं बॅलन्स करायला काही ठरलेली पद्धत असते का, की सगळं अंदाजपंचेच?

मानेवाडा_आई

नमस्कार मंडळी. पोरगी यंदा दहावीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. सायन्स पार्ट वनचा तिसरा धडा, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, त्यात अडकून बसली आहे आणि तिच्यासोबत मी पण. माझं स्वतःचं बीकॉम, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब लागला पाहिजे एवढं मला कळते, पण इथे तो लावायचा कसा हेच कळून नाही राहिलं. ट्यूशनचे सर म्हणतात नेहमीची येणारी समीकरणं पाठ करून टाका, विषय संपला. ती पाठ करते आणि पेपरात एखादं अनोळखी आलं की हात वर.

काल तिची वही उघडली तर हे होतं (मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून फॉर्म्युले मराठीतच टाकून राहिली आहे, समजून घ्या):

एफई + एच२ओ → एफई३ओ४ + एच२

याच्या खाली आमच्या मॅडमनी, म्हणजे पोरीनेच, पाण्याचं एच२ओ खोडून एच२ओ४ केलेलं, लोखंडाच्या एफईला खाली बारीकसा ३ चिकटवलेला, आणि बाजूला स्वतःच लाल पेनाने भलीमोठी बरोबरची खूण. मी मोजून पाहिलं तर खरंच दोन्हीकडे अणू सारखे! लोखंड तीन-तीन, ऑक्सिजन चार-चार, हायड्रोजन दोन-दोन. मी म्हटलं पुस्तकात असं नाही आहे, तर म्हणते "आई, पण जुळलं ना?" यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

तर विचारायचं असं की खालचे बारीक आकडे बदलले तर नेमकं काय बिघडते, आणि समोरचे मोठे आकडे टाकायला सुरुवात कुठून करायची, काही क्रम आहे का? आणि हो, हे शिकून होते काय असं पण ती रोज विचारते, त्याचंही कोणी सांगा.

बर्डीचा_बाजीराव

काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई, दोन-तीन मार्काचा तर मामला असते. आम्ही बी पाठच केलं होतं, पास झालो, आता दुकानात कोणी गिऱ्हाईक लोखंडावर वाफ सोडली तर काय होते म्हणून विचारत नाही 😄

खडू_आणि_डस्टर

बाजीराव भाऊ, तुमचं दुकान चालते ना छान, मग झालं. पण त्या पोरीने उद्या अकरावी सायन्स घेतलं तर पहिल्या महिन्यातच मोल कन्सेप्ट (अणू-रेणू मोजायचा हिशोब) समोर येतो आणि तिथे पाठांतर कामाचं नाही.

ताई, पोरीने जे केलं ते वर्गात बरीच पोरं करतात, आणि जी करतात ती साधारण हुशारच असतात, कारण त्यांना दोन्ही बाजू सारख्या पाहिजे हे कळलेलं असते. तिला एवढंच विचारा, एच२ओ४ नावाचा पदार्थ कुठल्या बाटलीत मिळतो? खालचा आकडा हा रेणूच्या आतला आहे, एका रेणूत कोणते अणू किती ते तो सांगतो, म्हणजे तो पदार्थाची ओळखच आहे. पाण्याला एक ऑक्सिजन जास्त लावून पाहा, एच२ओ२ होते, हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळते, जखमेवर टाकलं की फसफस फेस येतो, आणि ते कोणी प्यायला देत नाही. प्रश्नात लोखंड आणि पाण्याची वाफ दिली होती, तिने वाफ काढून भलतंच काहीतरी ठेवलं आणि मग हिशोब जुळवला. म्हणजे उत्तर बरोबर आलं पण प्रश्नच दुसरा झाला. समोरचा आकडा मात्र आपल्या हातात असतो, तो फक्त किती रेणू घेतले ते सांगतो, पदार्थ तोच राहतो.

आणि जुळवायचं कशासाठी, तर अभिक्रियेत अणू नवीन तयार होत नाहीत आणि गायबही होत नाहीत, फक्त एकमेकांचे हात सोडून दुसऱ्यांचे धरतात. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंद भांड्यात पदार्थ तापवून, आधीचं-नंतरचं वजन करून हे पक्कं केलं आणि १७८९ च्या त्याच्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवलं.

आता क्रम. वहीत तीन रकाने आखायला लावा, मूलद्रव्य, डावीकडे किती, उजवीकडे किती. मग समीकरणात सगळ्यात गर्दीचा फॉर्म्युला कोणता ते शोधायचं. इथे एफई३ओ४. तिथून सुरू. उजवीकडे लोखंड तीन, म्हणून डावीकडे ३ एफई. उजवीकडे ऑक्सिजन चार, डावीकडे ऑक्सिजन फक्त पाण्यात आहे आणि एका रेणूत एकच, म्हणून ४ एच२ओ. आता पाणी चार घेतलं तर हायड्रोजन आठ झाले, उजवीकडे हायड्रोजन सुटा आहे, जोडीने फिरतो, म्हणून ४ एच२. संपलं:

३ एफई + ४ एच२ओ → एफई३ओ४ + ४ एच२

बघा, कुठेच अंदाज लावला नाही, एकाने दुसऱ्याला ओढत नेलं. पोरं फसतात कुठे तर हायड्रोजनपासून सुरुवात करतात, तिथे दोन आणि दोन आधीच जुळलेले दिसतात आणि मग जुळलेल्याला हात लावायची त्यांची हिंमतच होत नाही. म्हणून जे मूलद्रव्य एकटं, सुटं दिलेलं आहे (इथे हायड्रोजन, जळण्याच्या समीकरणात ऑक्सिजन) ते नेहमी सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यासमोर काहीही आकडा टाकला तरी दुसरं कोणी हलत नाही.

दुसरं, सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट असे गट दोन्हीकडे जसेच्या तसे दिसत असतील तर ते फोडून मोजायचे नाहीत, अख्खा गट एक धरायचा. २ एनएओएच + एच२एसओ४ → एनए२एसओ४ + २ एच२ओ, यात सल्फेट इकडे एक, तिकडे एक, त्याला विसरा, सोडियम दोन पाहिजे म्हणून कॉस्टिक सोडा दोन, की पाणी आपोआप दोन येते. ऑक्सिजन एकेक मोजत बसलात तर डावीकडे सहा, उजवीकडे सहा, बरोबरच येईल, पण तोपर्यंत पेपर संपेल.

तिसरं, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन हे वायू सुटे असले की एच२, ओ२, एन२, सीएल२ असेच लिहायचे. नुसतं ओ लिहिलं की जुळवणं सोपं होते म्हणून पोरं हळूच तसं लिहितात 😀

आणि शेवटचं, विषम आकड्याचं लफडं. ब्यूटेन जळतो ते घ्या, सी४एच१०. कार्बन चार म्हणून ४ सीओ२, हायड्रोजन दहा म्हणून ५ एच२ओ, उजवीकडे ऑक्सिजन आठ अधिक पाच, तेरा. डावीकडे ओ२ जोडीने येतो, तेरा कसे करणार? सरळ साडेसहा लिहा. अर्धा रेणू नसतो हे मान्य, पण कच्च्या कामात चालतो. मग सगळंच दुप्पट करा:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

मानेवाडा_आई

सर, खूप आभार, एवढं कोणी बसून लिहीत नाही. रात्री तिला रकाने आखून बसवलं, लोखंडाचं आलं, ब्यूटेनचं पण आलं, साडेसहा लिहायचं म्हटल्यावर आधी हसली, मग पटलं तिला. कॅल्शियम बायकार्बोनेटचं एक होतं, सीए(एचसीओ३)२ → सीएसीओ३ + एच२ओ + सीओ२, त्यात मात्र कुठेच आकडा लागत नाही म्हणून घाबरली, मी म्हटलं मोजून पाहा, आधीच जुळलेलं असेल तर असू दे.

पण एकात परत गाडी अडली: एमएनओ२ + एचसीएल → एमएनसीएल२ + सीएल२ + एच२ओ. क्लोरीन उजवीकडे दोन ठिकाणी आहे. ती एचसीएलसमोर २ टाकते, मग एमएनसीएल२ जुळते पण वरचा सीएल२ कुठून आणायचा?

रामटेक_रोड

ताई हे तर आपल्या घरचं समीकरण आहे! एमएनओ२ म्हणजे मँगॅनीज डायऑक्साइड, काळी भुकटी, टॉर्चच्या जुन्या सेलमधून निघते ती. मनसर, कांद्री, गुमगाव इकडच्या खाणी मँगॅनीजच्याच, तिकडे भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला जो माल निघतो तो सेल-बॅटरीवाल्यांच्या कामाचा, आणि या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं हेड ऑफिस इथेच नागपुरात. पोरीला हे सांगा, थोडं तरी आपलं वाटेल.

आता जुळवणं. क्लोरीनला हातच नका लावू सुरुवातीला, जो दोन-दोन ठिकाणी दिसते त्याले मागं ठेवायचं. मँगॅनीज एक-एक, ठीक. ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे फक्त पाण्यात, म्हणून २ एच२ओ. पाणी दोन म्हणजे हायड्रोजन चार, डावीकडे हायड्रोजन फक्त एचसीएलमध्ये, म्हणून ४ एचसीएल. झाले चार क्लोरीन. दोन मँगॅनीजने पकडून ठेवले, दोन वायू होऊन उडाले.

एमएनओ२ + ४ एचसीएल → एमएनसीएल२ + सीएल२ + २ एच२ओ

म्हणजे त्या चार ॲसिडपैकी दोघांनी मँगॅनीजशी मीठ बनवलं आणि दोघांचं ऑक्सिडीकरण होऊन क्लोरीन निघाला, एकच पदार्थ दोन कामं करून राहिला, म्हणून दोनावर भागत नाही. शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन पहिल्यांदा काढला तो असाच, याच काळ्या खनिजावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून. घरी करू नका बाप्पा, क्लोरीन विषारी असते, नाका-घशाची वाट लावते.

साडेपाचची_शिफ्ट

उपयोग काय विचारलं आहे ना पोरीने, ते राहूनच गेलं, मी सांगतो. घरचा सिलेंडर १४.२ किलोचा. त्यात मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन. सरांनी वर जे बॅलन्स केलं तेच घ्या, २ ब्यूटेनला १३ ऑक्सिजन. ब्यूटेनचं रेणूवस्तुमान ५८, दोनाचे ११६, ऑक्सिजनचे ३२ गुणिले १३, म्हणजे ४१६. म्हणजे ११६ किलो गॅसला ४१६ किलो ऑक्सिजन लागते, एका किलोला जवळपास ३.६ किलो. प्रोपेन धरला तरी आकडा तेवढाच येते, करून पाहा, ४४ ला १६०. तर एक सिलेंडर संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खर्च होतो, आणि हवेत वजनाने ऑक्सिजन साधारण २३ टक्के, म्हणजे किमान २२० किलो हवा त्या शेगडीखालून जाते. सिलेंडर १४ किलोचा आणि हवा सव्वादोन क्विंटल! हे सगळं त्या १३ मधून निघालं, तो १३ चुकला तर बर्नरची, बॉयलरची हवा चुकली. आमच्या प्लांटमध्ये हाच धंदा, रोज.

आणि अंदाज नको असेल तर बीजगणिताने करायचं, दहावीला दोन चलांची समीकरणं आहेतच ना गणितात. उदाहरण कोळशाचं देतो, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं इथून दिसतातच. कोळशात थोडंफार पायराइट असते, एफईएस२, ते जळलं की सल्फर डायऑक्साइड निघतो:

एफईएस२ + ओ२ → एफई२ओ३ + एसओ२

चौघांसमोर अनुक्रमे क, ख, ग, घ ठेवा. लोखंड: क = २ग. गंधक: २क = घ. ऑक्सिजन: २ख = ३ग + २घ. आता ग ला १ माना, क आला २, घ आला ४, आणि २ख = ३ + ८ = ११, म्हणजे ख साडेपाच. सगळ्यांना दोनाने गुणलं की

४ एफईएस२ + ११ ओ२ → २ एफई२ओ३ + ८ एसओ२

हे डोक्याने करायला गेलं की ११ काही केल्या सुचत नाही, इथे मात्र यंत्रासारखं निघते. कुठलंही समीकरण द्या, या पद्धतीने सुटणारच.

परीक्षानळी

शिफ्टवाले दादा, बाकी सगळं मस्त, सिलेंडरचा हिशोब तर मी आता आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना देणार आहे. पण "कुठलंही समीकरण सुटणारच" यावर जरा थांबा.

पहिलं म्हणजे जुळलं म्हणून ती अभिक्रिया तशीच होते असं नाही. तुमचंच ब्यूटेन घ्या:

२ सी४एच१० + ९ ओ२ → ८ सीओ + १० एच२ओ

मोजा, हेही जुळते. हवा कमी पडली की असं होते, सीओ२ ऐवजी काही भाग सीओ, कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने लोक दगावतात ते यानेच, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच देत नाही. तेव्हा १३ खरा की ९ खरा हे कागद नाही सांगत, बाथरूमची खिडकी सांगते. (ज्यांच्याकडे गॅस गीझर आहे त्यांनी खिडकी बंद ठेवू नये, विषय निघाला म्हणून सांगून टाकते.) ताई, पोरीला खालच्या आकड्याचं महत्त्व पटवायचं असेल तर हेच दाखवा, एक बारीक २ गेला आणि सोडावॉटरचा गॅस विषारी झाला.

दुसरं, हे तुमच्यासाठी दादा, दहावीच्या पोरीने सोडून दिलं तरी चालेल. परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड, आमच्या लॅबमध्ये टायट्रेशनला (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने टाकून पदार्थ किती आहे ते मोजायला) असते, जांभळा रंग उडून पाण्यासारखं होते. याला तुमचं क-ख-ग लावा. सात पदार्थ, पाच मूलद्रव्यं, म्हणजे सात अज्ञात आणि पाचच समीकरणं. उत्तर एक येणारच नाही. हे बघा:

२ केएमएनओ४ + ५ एच२ओ२ + ३ एच२एसओ४ → के२एसओ४ + २ एमएनएसओ४ + ८ एच२ओ + ५ ओ२

आणि हे पण:

२ केएमएनओ४ + एच२ओ२ + ३ एच२एसओ४ → के२एसओ४ + २ एमएनएसओ४ + ४ एच२ओ + ३ ओ२

दोन्ही अणूला अणू जुळतात, आणि अशी आणखी हवी तेवढी बनवता येतील. पण टायट्रेशनला दुसरं वापरलं तर पेरॉक्साइडचं उत्तर पाचपट चुकेल. खरं पहिलं. का, तर मँगॅनीज +७ वरून +२ वर येतो, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो, आणि पेरॉक्साइडचा एक रेणू दोनच देतो. दहा घेणं, दहा देणं, म्हणून दोनास पाच. इलेक्ट्रॉनचाही हिशोब ठेवावा लागतो, नुसत्या अणूंचा पुरत नाही. घोळ का होतो तर पेरॉक्साइड स्वतःचं स्वतःपण पाणी आणि ऑक्सिजनमध्ये फुटू शकते, ती दुसरी अभिक्रिया या समीकरणात कितीही मिसळा, बेरीज जुळतच राहते. पहिल्यातून दुसरं वजा करून पाहा, ४ एच२ओ२ → ४ एच२ओ + २ ओ२ एवढंच उरते.

साडेपाचची_शिफ्ट

वजा करून पाहिलं, खरंच तेवढंच उरते की! मान गए मॅडम. "सुटणारच" मागे घेतो, पण दहावीच्या पुस्तकापुरती माझी पद्धत कायम 😄

बर्डीचा_बाजीराव

मी तर गीझरवरच थांबलो. आमच्याकडे गॅसचाच आहे आणि थंडीत खिडकीले पुठ्ठा लावून ठेवते मिसेस. काढतो आजच.

परीक्षानळी

पुठ्ठा काढाच, आणि जमलं तर गीझरच बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या, नळी आत आणायची. आत डोकं दुखलं, गरगरलं तर थकवा समजून बसायचं नाही, आधी दार उघडून बाहेर यायचं.

मानेवाडा_आई

परमँगनेटचं माझ्या डोक्यावरून गेलं पण पोरगी वाचत बसली होती, तिला आवडलं म्हणे. आज तिने स्वतःहून एक सोडवलं, मी काही मदत केली नाही, लेड नायट्रेट तापवल्यावरचं. सर बघता का जरा:

४ पीबी(एनओ३)२ → ४ पीबीओ + ८ एनओ२ + २ ओ२

मोजलं तर जुळते. तिचं म्हणणं नायट्रेट इथे तुटून गेला म्हणून गट धरला नाही, शिसं एक, नायट्रोजन दोन, मग ऑक्सिजनला अर्धा आला, म्हणून चारने गुणलं.

खडू_आणि_डस्टर

नायट्रेट तुटतो म्हणून गट धरायचा नाही हे तिचं तिला कळलं यातच सगळं आलं ताई, बरीच पोरं तिथेच अडकतात. फक्त अर्ध्याला घालवायला दोनाने गुणलं तरी पुरते, चार कशाला? सगळे आकडे दोनाने भागले जातात, तर भागून टाकायचे, २ पीबी(एनओ३)२ → २ पीबीओ + ४ एनओ२ + ओ२. पेपरात लहानात लहान पूर्ण संख्याच लिहायच्या. आणि एनओ२ तपकिरी धुराचा असतो, परीक्षानळीत पिवळसर लेड ऑक्साइड उरते, निरीक्षण विचारलं तर ही दोन वाक्यं पण लिहून यायची.